नेटवर्क ‘ठीक आहे’ हे कशावरून ठरवायचं? (टॉवेल कारखाना, सोलापूर)

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ऑफिस आणि शेड मिळून ७० कॉम्प्युटर, दुपारी सगळं संथ होतं, इंटरनेटवाला म्हणतो लाइन चांगली आहे, तर देखरेखीसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरातच कारखान्यांची आणि पतसंस्थांची नेटवर्कं सांभाळतो, म्हणून लिहितोय.

सॉफ्टवेअर निवडण्यात वेळ घालवू नका. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि एवढ्या पसाऱ्याला बाजूला पडलेला एखादा बरा कॉम्प्युटर पुरतो. खरं काम पुढचं: नेटवर्क चांगलं चालतं तेव्हा आकडे काय असतात, ते आधी नोंदवून ठेवा. निदान महिनाभर, म्हणजे पगाराचे आणि जीएसटी रिटर्नचे दिवसही त्यात येतील. ही नोंद नसेल तर दुपारचा आकडा जास्त आहे की नेहमीचाच, हे कोणीच सांगू शकत नाही.

बरेच जण फक्त पिंग लावतात, म्हणजे यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघतात. पिंगला उत्तर आलं म्हणजे स्विच (कॉम्प्युटरच्या केबली एकत्र जोडणारा डबा) जिवंत आहे एवढंच कळतं. उत्तराला किती वेळ लागला आणि किती पॅकेट (डेटाचे तुकडे) वाटेत गळाली, तेही साठवा.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. स्विचकडून एसएनएमपीने (नेटवर्कच्या यंत्रांकडून आकडे मागवायची ठरलेली पद्धत) दर ५ मिनिटांनी आकडे घेतले की आलेखात सरासरी दिसते. १०० एमबीपीएसची लाइन त्यातला १ मिनिट पूर्ण भरली आणि उरलेली ४ मिनिटं रिकामी राहिली, तर आलेख २० दाखवतो. तुमची माणसं त्या एका मिनिटात ताटकळतात आणि कागदावर सगळं आलबेल! मुख्य लाइनचे आकडे दर ३० सेकंदांनी, जमलं तर त्याहून लवकर घ्या. मात्र स्विच किती डेटा गेला ते ज्यात मोजतो, तो काउंटर ६४ बिटचाच वाचा. १ जीबीपीएसच्या भरलेल्या पोर्टवर (स्विचवर केबल लावायची जागा) ३२ बिटचा काउंटर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो आणि आकडे बिनबुडाचे होतात. एसएनएमपीचा ‘पब्लिक’ हा ठरलेला पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला. स्विचला जमत असेल तर एसएनएमपीचं व्हर्जन ३ वापरा, ते जास्त सुरक्षित आहे.

प्रत्येक पोर्टवरच्या सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या डेटाचा, आकडा रोज बघा. तो वाढत असेल तर केबल, कनेक्टर किंवा पोर्ट खराब आहे, आणि त्यावर इंटरनेटची स्पीड वाढवून काही होत नाही. ऑफिसपासून शेडपर्यंत तांब्याची केबल १०० मीटरपेक्षा लांब गेली असेल, किंवा मोटारींच्या वायरींना खेटून टाकली असेल, तर माझा पहिला संशय तिच्यावरच. तिथे फायबर टाका.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि शेडच्या हवेत सुताचे तंतू उडत असतात. ते स्विचच्या पंख्यात आणि जाळीत अडकतात. तुमचा त्रास नेमका दुपारचा आहे, म्हणून स्विचचं तापमान, तो सांगत असेल तर, नक्की नोंदवा आणि संथपणाच्या वेळेशी ताडून बघा. त्याच वेळी बॅकअप किंवा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालू होत नाही ना, तेही पाहा.

देखरेखीचा कॉम्प्युटर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर ठेवा. नाहीतर लाइट गेली की नेमकी हवी ती नोंदच राहत नाही. इशारा ईमेलने येत असेल तर इंटरनेट बंद पडल्यावर तोही येणार नाही. सिमकार्डवरून एसएमएस जाईल अशी सोय करा.

शेडपर्यंतचं अंतर आणि स्विचचं मॉडेल कमेंटमध्ये टाका, म्हणजे कोणते काउंटर वाचता येतील ते सांगतो.