कोणता ब्राउझर टाकू, ताई?

(मोबाइल-कॉम्प्युटरबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात राळेगाव तालुक्यातल्या एका सेवा केंद्राच्या चालक.)

प्रश्न : ताई, माहा पोरगा पुण्याले शिकते. तो मंते क्रोम काढा, फायरफॉक्स टाका. जावई मंतात ब्रेव्ह टाका, जायराती येत नाहीत. अन् गावचा सेंटरवाला मंते, क्रोमबिगर सरकारी फारमच भरल्या जात नाही. माहा फोन तीन जीबी रॅमचा हाय. पान उघडता उघडता चहा थंडा होते. कोनाचं आयकू?
— एक कास्तकार, आर्णी तालुका

उत्तर : भाऊ, तिघंही आपापल्या जागी खरं बोलतात, पंचाईत तिथंच आहे. पोरगा फुकटच्या वायफायवर बसून सांगतो, जावयाचा फोन तुमच्या फोनच्या चौपट किमतीचा असणार, आणि सेंटरवाल्याला लाइन जायच्या आत रांग संपवायची असते.

कृषी केंद्रात बीटी कपाशीची पाकिटं मांडलेली असतात ना, कंपन्यांची नावं पन्नास आणि आतलं बोंडअळीवरचं जनुक तेच, तसं ब्राउझरचं झालंय. गूगलने 2008 साली क्रोम आणला आणि त्याचा पाया, म्हणजे क्रोमियम, कोणीही वापरावा म्हणून मोकळा ठेवला. आज ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, सॅमसंगच्या फोनमध्ये आधीपासून असणारा सॅमसंग इंटरनेट, सगळे त्यावरच उभे आहेत. मायक्रोसॉफ्टनेही 2020 मध्ये आपल्या एज ब्राउझरचं स्वतःचं इंजिन, म्हणजे पान उभं करून दाखवणारा आतला भाग, काढून तेच बसवलं. मोठ्या ब्राउझरांत वेगळं इंजिन उरलं ते फायरफॉक्सचं गेको आणि ॲपलच्या सफारीचं वेबकिट. म्हणून ‘ब्रेव्हचं इंजिनच फास्ट’ असं जावई म्हणाले तर मान डोलवा आणि भाजी वाढा.

मग ब्रेव्हवर पान लवकर का उघडतं? जाहिराती येत नाहीत म्हणून. सोयाबीनचा आजचा भाव बघायला एखादं पान उघडा. भाव चार ओळींचा. त्याच्याभोवती वर पट्टी, खाली पट्टी, मधूनच आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, आणि तुम्ही कुठून आलात, कुठं बोट लावलं ते टिपून घेणारे कितीतरी छोटे प्रोग्राम. हे सगळं तुमच्या दीड जीबीतून उतरतं आणि तुमच्याच तीन जीबी रॅममध्ये बसतं. टॉवर दूर, त्यात पावसाळ्याचे दिवस, म्हणजे भाव शेवटी दिसतो.

आपल्या भागात जाहिरात अडवणं मी डेटा वाचवण्यापेक्षाही मोठ्या कारणासाठी महत्त्वाचं मानते. शोधात ‘पीएम किसान’ टाकलं की खऱ्या साइटच्या वर कधीकधी पैसे देऊन लावलेल्या जाहिराती येतात. खरी साइट pmkisan नावाची आणि शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असलेली. पण ज्याला इंग्रजी अडखळत वाचता येतं तो सगळ्यात वरच्या ओळीवरच बोट ठेवतो. तीच गत हिरव्या ‘डाउनलोड’ बटणांची. खरं बटण बारीक अक्षरात असतं आणि जाहिरातीतलं बटण तळहाताएवढं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी फोनमधला ‘व्हायरस’ त्या तळहाताएवढ्या बटणातूनच आलेला असतो.

या एका कसोटीवर बघितलं तर अँड्रॉइडवर मी फायरफॉक्सला पहिली पसंती देते. त्यात कॉम्प्युटरसारखी ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, टाकता येतात. फायरफॉक्सच्या तीन रेघांच्या किंवा तीन ठिपक्यांच्या मेनूत जाऊन ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिरात अडवणारं ॲड-ऑन टाका, बाकी काही टाकू नका. फोनवरच्या क्रोममध्ये ही सोयच नाही. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये होती, पण एक्स्टेन्शनचे (क्रोममध्ये ॲड-ऑनला हेच म्हणतात) नियम बदलल्यावर तिथं मूळ यूब्लॉक ओरिजिन बंद झालं. ‘लाइट’ नावाची धाकटी आवृत्ती चालते, तिचे हात मात्र बांधलेले आहेत. जी कंपनी जाहिरातींवर जगते तिने जाहिरात अडवणाऱ्याचे हात बांधावेत, यात मला काही नवल वाटत नाही.

फायरफॉक्समधली मला आवडणारी दुसरी गोष्ट म्हणजे वाचन-दृश्य. बातमीच्या पानावर पत्त्याच्या पट्टीत पुस्तकासारखं चिन्ह येतं, ते दाबलं की नुसता मजकूर उरतो, अक्षर हवं तेवढं मोठं. उणी बाजूही ऐका. भरगच्च पानांवर तो साध्या फोनवर क्रोमपेक्षा जड वाटतो. काही साइटी त्याला ओळखच देत नाहीत. आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बरीचशी कमाई गूगलला शोधयंत्र म्हणून आत जागा देण्यातूनच येते. म्हणजे ‘गूगलपासून सुटका’ म्हणून पोरगा फायरफॉक्स सुचवत असेल तर त्याला हेही विचारा.

ब्रेव्ह वाईट नाही. टाकल्याबरोबर जाहिराती अडवतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. ज्याला सेटिंगची भीती वाटते त्याच्यासाठी उत्तम. त्याचा सहसंस्थापक ब्रेंडन आइक हा 1995 मध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा बनवणारा माणूस, तेव्हा कारागीर कच्चा नाही. पण त्याच ब्राउझरमध्ये क्रिप्टोचं पाकीट, जाहिराती बघून नाणी मिळवायची योजना, असा बाजार मांडलाय. गावात नाण्यांच्या नादानं आधीच बरेच पोट्टे बुडालेत. टाकलाच तर ते सगळं सेटिंगमध्ये बंद करून घरच्यांच्या हाती द्या.

ऑपेरा मिनी आमच्याकडे अजून जुनी मंडळी वापरतात. त्याच्या एक्स्ट्रीम मोडमध्ये पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जातं, तिथं दाबून लहान केलं जातं आणि मग तुमच्याकडे येतं. डेटा खरंच वाचतो, टू-जी रेंजमध्येही बातम्या दिसतात. पण तेवढ्यासाठी पान मधल्या हातातून जातं, म्हणून त्या मोडमध्ये बँक उघडायची नाही. फॉर्मही मोडतोड होऊन दिसतात. यूसी ब्राउझर अजून कोणाच्या फोनमध्ये पडला असेल तर काढा; जून 2020 मध्ये सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲपांत तो होता.

आता सेंटरवाल्याचं. तो खोटं बोलत नाही. क्रोम वापरणारे सगळ्यात जास्त, म्हणून साइट बनवणारे क्रोमवर तपासतात आणि घरी जातात. एका योजनेच्या साइटवर माझ्याकडे असं झालं, की फायरफॉक्समध्ये सगळा अर्ज भरून झाला आणि शेवटचं ‘सबमिट’ दाबल्यावर पान ढिम्म. तोच अर्ज क्रोममध्ये सरळ गेला. बाहेर म्हातारी माणसं उन्हात बसलेली असताना तत्त्व सांभाळायला वेळ नसतो. फक्त अशा वेळी आधी एक बघा : पावती नव्या खिडकीत उघडणारी असेल तर ती पॉप-अप म्हणून अडवलेली असते. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बारीक चिन्ह येतं, फायरफॉक्समध्ये वर पट्टी येते. तिथून परवानगी दिली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

तर तुमच्यासाठी : क्रोम अँड्रॉइडमध्ये असतोच, तो काढू नका. बँक, अर्ज, सातबारा त्यात. बाकी भाव, हवामान, बातम्या, नातवाच्या शोधाशोधी फायरफॉक्समध्ये. आणि आज संध्याकाळी एक काम करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन. तिथं ‘परवानगी दिलेल्या’ साइटींची यादी निघेल, ओळखीची नाही ती प्रत्येक बंद करा. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशी जी भीती रात्री-बेरात्री वाजते, ती बहुतेक तिथूनच येते. कधीतरी घाईत ‘अलाउ’ दाबलेलं असतं.

चहा मात्र थंडा होणारच, टॉवर आहे तिथंच आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 आहे. क्रोम म्हणतो आता अपडेट मिळणार नाही. सरपंच म्हणतात नवा कॉम्प्युटर निधी आल्यावर. तोवर काय करावं?
— डेटा ऑपरेटर, जिल्हा वाशीम

उत्तर : विंडोज 7 वर चालणारा शेवटचा क्रोम 109 नंबरचा, जानेवारी 2023 मधला. त्यापुढचं काही तुम्हाला मिळणार नाही. एजचंही तसंच. फायरफॉक्सने 115 नंबरची ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती जुन्या विंडोजसाठी क्रोमच्या बरीच पुढेपर्यंत सांभाळली, म्हणून दोघांत निवड करायची तर ती घ्या. पण ठिगळ ब्राउझरला लागतं, खालचं विंडोज फाटकंच राहतं. मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल जानेवारी 2020 मध्येच थांबवली. लोकांचे आधार क्रमांक ज्या यंत्रावर टाइप होतात ते असं ठेवू नये, हे सरपंचांना लेखी द्या. लेखी दिलं की निधी जरा लवकर सापडतो.

नवा घेताना विंडोज 10 वाला स्वस्तात दाखवतील, तोही घेऊ नका. त्याची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली.

डिजिटल सहीच्या जुन्या साइटीबद्दल तुम्ही चिठ्ठीत खाली लिहिलंय. त्या ब्राउझरला जोडलेल्या जावा नावाच्या प्रोग्रामच्या जोरावर चालायच्या (वरची जावास्क्रिप्ट वेगळी). ती सोय क्रोमने 2015 मध्ये आणि फायरफॉक्सने 2017 मध्ये काढली, इंटरनेट एक्सप्लोरर जून 2022 मध्ये निवृत्त झाला. आता अशी साइट उघडायची तर नव्या विंडोजवरच्या एजमध्ये ‘आयई मोड’, म्हणजे जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालायची सोय, आहे. एज ठेवायला माझ्या मते हे एक कारण पुरेसं आहे, बाकी तो उघडला की नको त्या बातम्याच जास्त दाखवतो.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी. गावकऱ्यांसाठी काही उघडताना क्रोमची ‘गेस्ट’ खिडकी वापरा. खिडकी बंद केली की लॉगिन, इतिहास पुसला जातो, आणि तुमचे साठवलेले पासवर्डही दुसऱ्याच्या अर्जात जाऊन बसत नाहीत. मात्र उतरवून घेतलेली फाइल पुसली जात नाही. डाउनलोड फोल्डर उघडून बघा, अर्ध्या गावाचे आधार कार्ड तिथं पडलेले असतील. रोज कुलूप लावायच्या आधी ते रिकामं करायचं.

प्रश्न : निवृत्त शिक्षिका आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून स्क्रीनवर फार वेळ वाचवत नाही. मराठी लेख वाचून दाखवणारा ब्राउझर आहे का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : बाई, वर मी एजला नावं ठेवली, आता त्याचंच कौतुक करते. कॉम्प्युटरवर एजमध्ये लेख उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, यू ही तीन बटणं एकदम दाबा. वर पट्टी येईल, तिच्यात आवाज निवडायला जागा आहे. मराठीत आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. वेग कमी करता येतो, तो थोडा कमीच ठेवा. इंटरनेट चालू हवं, कारण आवाज तिकडून तयार होऊन येतो. जोडाक्षरं बरी म्हणतो. आपल्या वऱ्हाडी संवादांची मात्र पार वाट लावतो, तेव्हा हसू आलं तर चालू द्या.

जुन्या पीडीएफमध्ये मराठी अक्षरांऐवजी इंग्रजी कचरा दिसत असेल तर तिथं कोणताच ब्राउझर वाचून दाखवू शकणार नाही. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टची कागदपत्रं आहेत.

प्रश्न : फायरफॉक्स टाकला, पण व्हॉट्सॲपमधली लिंक अजून क्रोममध्येच उघडते.
— बी.ए.ची विद्यार्थिनी, घाटंजी

उत्तर : फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात डीफॉल्ट ॲप्स, मग ब्राउझर. तिथं फायरफॉक्सवर टिचकी मार. काही फोनमध्ये हे ‘ॲप व्यवस्थापन’ नावाखाली दडवलेलं असतं; सापडलं नाही तर सेटिंगच्या शोधात ‘डीफॉल्ट’ लिही.