वाऱ्यात कोळसा पेटवताय? आधी एवढं करा

गच्चीवर वारा सुटला की कोळसा पेटत नाही, म्हणून नाउमेद होऊ नका. वारा काडी विझवतो, पण निखारा एकदा धरला की तोच फुंकणीचं काम करतो. तेव्हा जपायची ती पहिली दहा-पंधरा मिनिटं.

शेगडी कठड्याच्या आडोशाला ठेवा. प्लास्टिकची टाकी, ताडपत्री, वाळत घातलेले कपडे लांब हवेत, कारण वाऱ्यात ठिणग्या दूरवर उडतात. जवळ बादलीभर वाळू असू द्या.

सुरुवातीला बहुतेकांच्या हातून या चुका होतात:

- कोळसा पसरून पेटवणं. त्याऐवजी ढीग रचा, मध्ये पोकळी ठेवा. पोकळीत करवंटीचे तुकडे आणि कापराच्या दोन-तीन वड्या घाला. वाऱ्याकडे पाठ करून, लांब काडीने खालून पेटवा.
- सर्दावलेला कोळसा वापरणं. पावसाळ्यानंतर उरलेलं पोतं आधी उन्हात पसरा.
- अर्धवट पेटलेल्यावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं. भडका थेट तोंडावर येतो. हे कधीच करू नका.

आणि कितीही कंटाळलात तरी शेगडी घरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत आणू नका. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा असतो, त्याला वासही नसतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात समजू नका.

कोळशावर पांढुरकी राख धरली की ढीग पसरा आणि मगच पनीर, चिकन ठेवा. वाऱ्यात निखारे लवकर संपतात, म्हणून थोडा कोळसा जास्तच आणा.