कोरियन कमेंट लिहिताना शेवटचा 'यो' गाळू नका

तुमचे प्रश्न दोन: कोरियन कलाकारांच्या इन्स्टाग्राम पोस्टखाली रोमन अक्षरांत कोरियन लिहिलं तर चालेल का, आणि अ‍ॅपने दिलेलं भाषांतर तसंच चिकटवावं का. दोन्ही टाळा. आणि वाक्यांची यादी पाठ करण्याआधी क्रियापदाचा शेवट ओळखायला शिका, सगळी गोम तिथेच आहे.

मालिकांमध्ये मित्रमंडळी आणि प्रेमिक जे बोलतात ते 'बानमाल', म्हणजे अरेतुरेची भाषा. 'सारांगहे' (माझं तुझ्यावर प्रेम आहे), 'गोमावॉ' (थँक्यू) ही त्यातलीच. अनोळखी माणसाला, तो वयाने लहान असला तरी, शेवटी 'यो' लागतो: 'सारांगहेयो', 'गोमावॉयो'. आणखी अदबीने आभार मानायचे तर 'गामसाहाम्निदा'.

अ‍ॅपची खरी अडचण 'तुम्ही'ची आहे. त्यासाठी ते बरेचदा 'दांगशिन' देतं. हा शब्द नवराबायकोत किंवा गाण्यांत ठीक, पण अनोळखी माणसाला लिहिला तर भांडायला उठल्यासारखा वाटू शकतो. सर्वनाम सरळ गाळा, 'जेवलात का?' म्हणताना आपणही गाळतोच. हाक मारायची तर नावापुढे 'शी' लावा (नुसत्या आडनावापुढे कधीच नाही), अभिनेता-अभिनेत्रीला 'बेऊनिम' म्हणा. 'ओप्पा' मुलीने मोठ्या मुलाला म्हणायचं, मुलगा 'ह्यॉंग' म्हणतो. अ‍ॅप वापरायचंच असेल तर पापागोमध्ये इंग्रजीतून कोरियन करताना आदरार्थी भाषेचं बटण मिळतं, ते चालू ठेवा.

लिपी शिकायला घाबरू नका. हांगुलमध्ये मूळ व्यंजनं 14 आणि मूळ स्वर 10. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये कोरियन भाषा जोडून '2-बलशिक' मांडणी निवडा: डावीकडे व्यंजनं, उजवीकडे स्वर. अक्षरं ओळीने दाबत जा, एकेका शब्दावयवाचे चौकोन आपोआप जुळतात.

चूक होते ती ऐकून टाइप केल्यामुळे. 'गामसाहाम्निदा'मधला 'हाम' लिहिताना 'हाब' असतो. त्याच्यापुढे 'न' हे व्यंजन आल्यामुळे ब चा उच्चार म होतो. म्हणून कळा अशा: ग-आ-म, स-आ, ह-आ-ब, न-इ, द-आ. 'छुखाहेयो' (अभिनंदन) लिहिताना ख ची कळ लागतच नाही: छ-उ-ग, ह-आ, मग 'हे' आणि 'यो'. ग आणि ह शेजारी आले की ख ऐकू येतो. छ, ख, थ, फ हे महाप्राण आपल्याला उपजत येतात, त्याचा फायदा घ्या. फक्त फ ओठ मिटूनच म्हणा.

रोजच्या वापराला एवढं पुरे: मालिका संपल्यावर 'जाल ब्वास्सॉयो' (छान बघून झाली), अजून चालू असेल तर 'जाल बोगो इस्सॉयो'. पाठिंब्याला 'उंगवॉनहाम्निदा'. वाढदिवसाला 'सेंगिल छुखाहेयो'. शूटिंग आटोपल्याच्या पोस्टखाली 'गोसेंग मानुश्यॉस्सॉयो', म्हणजे खूप कष्ट घेतलेत. कामाची कदर करणारी ही कमेंट नुसत्या 'देबाक'पेक्षा (भारीच!) कितीतरी मनापासूनची वाटते.

हसण्यासाठी ख चं अक्षर सलग तीन-चार वेळा टाइप करतात. एकटाच ख टाकू नका, तो कुत्सित वाटू शकतो. रडण्यासाठी 'यू'चा स्वर दोनदा, कारण तो मिटलेल्या डोळ्यांतून आसवं गळल्यासारखा दिसतो. ही अक्षरं वाक्याच्या शेवटी घ्या, आणि तेव्हाही 'यो' जागेवर राहू द्या.