ध्यानाला बसलं की विचारच विचार येतात. सुरुवात कशी करावी, आणि रोजच्या जगण्यात खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर बसून पाहिलं, पण डोळे मिटले की दुधाचा हिशोब, ऑफिसातली कुरबुर, मुलीची फी असं सगळं डोक्यात गोळा होतं. म्हणजे हे काही आपल्याला जमणारं नाही, असं तुम्हाला वाटतंय. मला तर वाटतं, तुमचं बरोबर चाललंय. मन भटकलं, ते भटकल्याचं लक्षात आलं आणि तुम्ही पुन्हा श्वासावर आलात, एवढंच तर करायचं असतं. वीसदा भटकलं नि वीसदा परत आणलंत, तर वीसदा सराव झाला. मन कोरं करायचं असतं हे कुणी पसरवलं देव जाणे. त्यापायीच बरेच जण आठवड्याभरात गाशा गुंडाळतात.

मी शिकले ते आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघत राहणं. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेचं १० दिवसांचं शिबिर असतं, त्यातले पहिले साडेतीन दिवस फक्त हेच करून घेतात. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही विद्या शिकले आणि १९६९ पासून भारतात शिकवू लागले. करायचं काय, तर नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी एवढीशी जागा आहे, तिथे लक्ष ठेवायचं. श्वास आत येतोय, बाहेर जातोय. डाव्या नाकपुडीतून की उजव्या, गार लागतोय की कोमट, बस. मुद्दाम खोल घ्यायचा नाही, रोखायचा नाही. हा प्राणायाम नव्हे. जोडीला जप नाही, डोळ्यांसमोर मूर्ती नाही. (आमच्या सासूबाईंना हे अजिबात पटत नाही. "नाव घेतल्याशिवाय कसलं आलंय ध्यान?" त्या माळ ओढतात, मी श्वास बघते. आमचं छान चाललंय.)

घरी सुरुवात करताना १० मिनिटं पुष्कळ झाली. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीत बसा, फक्त पाठ टेकवून रेलू नका, डुलकी लागते. जेवणानंतर तर नकोच. सकाळचा चहा होण्याआधी बसलात तर उत्तम, कारण एकदा घर जागं झालं की कुणी ना कुणी हाक मारणारच. फोन विमान मोडवर टाकून गजर लावा, नाहीतर दर दोन मिनिटांनी एक डोळा उघडून घड्याळ बघण्यात वेळ जातो. कुकरची शिट्टी झाली तर झाली, ती ऐकून परत श्वासावर या. अगरबत्ती, खास आसन, यूट्यूबवरचं ‘चक्र जागृत करणारं’ संगीत यातलं काही लागत नाही. आज फार छान लागलं, काल नाही लागलं, असले गुणही देत बसू नका.

आता फरकाचं. बसलेल्या त्या १० मिनिटांत फारसं काही घडत नाही, कधीकधी तर नुसता कंटाळा येतो. फरक दिसतो तो भलत्याच वेळी. मी बँकेत काउंटरला बसते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची रांग दारापर्यंत असते, नेमका तेव्हाच सर्व्हर बसतो आणि रांगेतले एखादे काका काचेवर पासबुक आपटून म्हणतात, "पगार कशाचा घेता हो तुम्ही?" आधी माझ्या तोंडून उत्तर त्यांच्या वाक्याच्या आधीच निघायचं. आता कानाच्या पाळ्या तापल्याचं मला कळतं, श्वास आखूड झाल्याचं कळतं. राग येतोच. पण तो आलाय हे कळणं आणि तोंड उघडणं यांच्यात जरा फट पडलीय. तेवढ्यात काकांचे हात थरथरताना दिसतात, सकाळपासून उभे आहेत हे दिसतं. मग नुसतं "बसा काका, सुरू झालं की हाक मारते" एवढंच बोलून होतं. रोज जमतं असं नाही, मार्च एंडला तर मुळीच नाही. पण घरी जाताना ते भांडण सोबत येत नाही, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा.

ध्यानाने सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा. २०१४ मध्ये अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, म्हणजे साडेतीन हजारांवर लोकांचा, एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडी ते मध्यम सुधारणा होते, असं त्यात दिसलं. झोप, वजन, एकाग्रता यांच्याबाबत मात्र हाती ठोस काही लागलं नाही. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस आहे, असंही आढळलं नाही. म्हणजे सकाळचं चालणं सोडून ध्यानाला बसायचं, असा व्यवहार करू नका.

महिना-दोन महिने घरी टिकलात आणि गोडी लागली, तर १० दिवसांच्या शिबिराचा विचार करा. पहाटे ४ ला घंटा, दिवसभरात १० तासांच्या आसपास बैठक, मौन, फोन-पुस्तक-पेन सगळं जमा. सकाळी ११ ला जेवण, संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळं, की मग थेट दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. शेवटी इच्छा झाली तर दान. एकदम तिथूनच सुरुवात करणारेही असतात, पण घरी थोडी सवय असली की पहिले तीन दिवस कमी जड जातात. पाठ आणि गुडघे बोलतातच, त्याला इलाज नाही.

आणि एक, तुमच्या प्रश्नात तसं काही नाही तरी लिहिते. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर लांबच्या शिबिराला जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, कारण इतके तास गप्प बसून काहींना त्रास वाढल्याचंही होतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधांबद्दल विचारतात. जागा मिळणार नाही या भीतीने तो रकाना कोरा सोडू नका.