डॉमिनो डॅमसेल नव्या क्लाऊनफिशना मारतोय, काय करू? सोबत अजून कोणते मासे ठेवता येतील?

तुम्ही लिहिलंय की टँक चार बाय दीड बाय दीड फुटी आहे, डॉमिनो (पांढऱ्या ठिपक्यांचा काळा, खाऱ्या पाण्यातला मासा) त्यात पहिल्यापासून एकटा होता, आता आणलेल्या दोन ऑसेलारिस क्लाऊनपैकी (नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश) एकाची शेपटी फाटली आहे आणि दुकानदार म्हणतो, "दोन दिवस लाईट बंद ठेवा, जमवून घेतील." नाही जमवून घेणार. अंधारात डॉमिनो झोपतो आणि लाईट लागली की पुन्हा मारतो. तेवढ्या वेळात जखमी मासा उपाशी राहतो, एवढाच फरक पडतो.

डॉमिनो काढा. माझ्या मते इथे दुसरं उत्तर नाही. हा मासा 12-14 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि अंगाबरोबर त्याचा आक्रमकपणाही वाढतो. समुद्रात लहान डॉमिनो क्लाऊनच्या शेजारी एकाच अ‍ॅनिमोनीत (समुद्रफुलात) दिसतात, पण त्या फोटोंवर विसंबू नका. तिथे मार खाणाऱ्याला पळायला जागा असते. तुमच्या अडीचशे लिटरमध्ये ती नाही.

नुसता पाठलाग आणि खरी मारहाण यातला फरक ओळखा. नवा मासा दगडाजवळ आला म्हणून डॉमिनोने हुसकावलं आणि तो लांब गेल्यावर सोडून दिलं, तर चालतं. पण मागे लागून पार कोपऱ्यापर्यंत जात असेल आणि नवा मासा हीटरच्या मागे किंवा पाण्याच्या वरच्या थरात लपून खायलाही येत नसेल, तर वाट पाहू नका.

जाळीच्या मागे धावू नका. दगड असलेल्या टँकमध्ये जाळीने डॅमसेल सापडत नाही, उलट सगळे मासे घाबरतात आणि कोरल तुटतात. रात्री लाईट बंद होऊन तासभर झाला की टॉर्च घेऊन बघा. डॅमसेल रोज एकाच कपारीत झोपतो. ती कपार दोन-तीन रात्री हेरून ठेवा, मग पंप बंद करून तो दगड सावकाश उचला आणि टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत उतरवा. बहुतेक वेळा मासा घाबरून कपारीतच घट्ट बसतो आणि दगडाबरोबर बाहेर येतो. मात्र ज्या दगडावर वरचा ढीग तोललेला आहे, तो ओढू नका.

दगड हलवता येत नसेल तर बाटलीचा सापळा करा. पाच लिटरची पाण्याची बाटली घ्या, मानेकडचा भाग कापून उलटा आत बसवा आणि केबल टायने पक्का करा. दोन लिटरच्या बाटलीचं तोंड वाढलेल्या डॉमिनोला पुरत नाही, म्हणून मोठी घ्यायची. बाजूंना भरपूर भोकं पाडा, नाहीतर खाण्याचा वास बाहेर येत नाही आणि आतलं पाणी साचतं. तळाशी दगड ठेवा. त्या दिवसांत डॉमिनोला बाहेर खायला घालू नका, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाणं) फक्त सापळ्यात टाका. पहिले एक-दोन दिवस तो लांबून बघेल, मग शिरेल. लोखंडाची किंवा तांब्याची तार कुठेही वापरू नका, तांबं कोळंबी आणि कोरलला मारतं.

तो परत करायची सोय होईपर्यंत त्याला अ‍ॅक्लिमेशन बॉक्समध्ये (टँकच्या आतच लटकवायच्या भोकांच्या डब्यात) ठेवा. लोक मार खाणाऱ्याला बॉक्समध्ये घालतात, ते या प्रसंगी उलटं आहे. मारणारा कोंडला की त्याची कपार रिकामी होते आणि क्लाऊन मोकळे फिरून खायला लागतात. बॉक्स साधारण 12 बाय 6 बाय 6 इंचाचा, 3 मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकचा, सहा मिलिमीटरच्या भोकांचा असावा. वर झाकण हवंच. आत लपायला पीव्हीसीचा एल्बो टाका आणि पंपाचा प्रवाह थेट पोचेल तिथे लटकवा. छताला लावतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिक ग्रिलचं पार्टिशन करू नका. तिची घरं सव्वा सेंटीमीटरची असतात, लहान क्लाऊन आरपार जातो.

फाटलेल्या शेपटीला औषध नको. बुडखा शाबूत असेल तर ती परत येते. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 आणि तापमान 26 अंशांवर स्थिर ठेवा, दिवसातून दोनदा थोडं थोडं खायला द्या. कडा लाल झाल्या किंवा कापसासारखं काही दिसलं, तरच वेगळ्या छोट्या टाकीत हलवा. मार खाल्लेल्या माशावर पांढरे ठिपकेही लवकर येतात, तेवढं लक्ष ठेवा.

मुळात हा डॉमिनो तुमच्या टँकमध्ये आला कसा? "सायकलिंगसाठी डॅमसेल टाका, काटक असतो" असं सांगून विकला असणार. सायकलिंग म्हणजे नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं. हा सल्ला आता बंद व्हायला हवा. ज्या माशाला आपण ठेवणारच नाही, त्याला अमोनियात भाजायचं आणि वर महिनाभर सगळ्या टँकची मालकी देऊन ठेवायची! अडीचशे लिटरला साधारण दीड ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराईड टाकलं की अमोनिया 2 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास जातो. बाटलीतले बॅक्टेरिया सोबत टाका. तेवढाच डोस परत दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टँक तयार. तीन ते सहा आठवडे लागतात. माशाची गरज कुठेच नाही. "आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो" हे काही कारण झालं नाही.

अजून कोणते मासे, तर गरीब मासे आधी आणि भांडकुदळ शेवटी. वॉचमन गोबी, फायरफिश आधी येऊ द्या. सिक्सलाईन रास आणि डॉटीबॅक टाळा. पावडर ब्लू टँगसाठी चार फूट अपुरे आहेत.

क्लाऊनबद्दल एक राहिलं. दोन्ही जन्मतः नर असतात, थोराड होतो तो मादी बनतो आणि तिथून परत फिरता येत नाही. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवत असेल तर जोडी जमतेय. दोन्ही एकाच आकाराचे, वाढलेले आणि वेगवेगळ्या टँकमधून आलेले असतील, तर कदाचित दोन माद्या आहेत. मग डॉमिनो गेल्यावरही एकमेकींना मारतील, त्यांतली एक परत करावी लागेल. आणि दुकानदार डॉमिनो परत घेत नसेल तर मोठा टँक असलेला माणूस शोधा. समुद्रात किंवा खाडीत सोडू नका, तुमच्या टँकमधले रोग तिकडे जातात.