वाचकांचे प्रश्न : खिडक्यांचा कारभार आणि साठ फाइली

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी एक छोटा टायलिंग विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या एकमेकींवर न चढवता शेजारी शेजारी मांडणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे. डब्ल्यूएमआयआय या विंडो मॅनेजरप्रमाणे त्याचा सारा कारभार व्हर्च्युअल फाइलसिस्टिममधून, म्हणजे डिस्कवर नसलेल्या, प्रोग्रॅमनेच दाखवलेल्या फाइली वाचून-लिहून चालतो. पण प्रत्येक रंगाला, फॉन्टला, किनारीच्या जाडीला वेगळी फाइल देता देता फाइली साठावर गेल्या. मार्गदर्शक म्हणतात, हे सोपे करा. नेमके काय काढावे?
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे रास्त आहे, मात्र केवळ फाइलींची संख्या कमी करायला बसलात, तर नको ती फाइल आधी जाईल. ही रचना बेल लॅब्जच्या प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेली आहे. तिथल्या नाइन-पी या फाइली हाताळण्याच्या प्रोटोकॉलमध्ये उघडणे, वाचणे, लिहिणे, पुसणे अशा अवघ्या १३ प्रकारच्या विनंत्या आहेत, आणि म्हणूनच कोणतीही खास लायब्ररी न जोडता साध्या शेल स्क्रिप्टलाही (आज्ञांच्या छोट्या यादीलाही) खिडक्या हलवता येतात. ही सोय जपून बाकीचे आटोपशीर करायचे आहे.

माझी कसोटी अशी : जी वस्तू जन्माला येते आणि नाहीशी होते, तिला स्वतःची जागा द्यावी, जो तिचा केवळ गुण आहे, त्याला फाइल देऊ नये. खिडकी उघडते आणि बंद होते, तेव्हा तिचे फोल्डर हवेच. तळाच्या पट्टीवर नागपूरचे तापमान दाखवणारी स्क्रिप्ट आपली फाइल निर्माण करते आणि थांबताना ती पुसते; फाइल गेली की पट्टीवरचा मजकूरही जातो, त्यासाठी वेगळी आज्ञा लागत नाही. (मे महिन्यात तो आकडा न दिसलेलाच बरा, हा भाग वेगळा.) किनारीची जाडी मात्र कधी जन्मत नाही आणि मरतही नाही, ती फक्त बदलते. असे सगळे गुण सीटीएल (म्हणजे कंट्रोल) नावाच्या एकाच फाइलमध्ये, एका ओळीत एक, असे ठेवावेत.

रंगांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना दिसतो. समजा, काळ्या अक्षरांची पांढरी पट्टी संध्याकाळी उलटी करायची आहे आणि अक्षरांचा व पार्श्वभूमीचा रंग दोन फाइलींत आहे. स्क्रिप्टने पहिली फाइल लिहिली की पांढऱ्यावर पांढरी अक्षरे होतात, आणि दुसरी लिहीपर्यंत पट्टी कोरी दिसते. डब्ल्यूएमआयआयमध्ये अक्षरे, पार्श्वभूमी आणि किनार यांचे तिन्ही रंग सीटीएलमधल्या एकाच ओळीत लिहिले जातात, त्यामुळे ही अर्धवट अवस्था उद्भवतच नाही. शिवाय ओळीतला शब्द चुकला, तर आपला सर्व्हर, म्हणजे या फाइली दाखवणारा विंडो मॅनेजरच, ते लेखन नाकारून कारणाचा मजकूर परत पाठवू शकतो. ती सोय अवश्य करा, नाहीतर चूक शोधण्यात रात्र जाईल. तोटा एवढाच की एखादी किंमत वाचायची तर ग्रेप या ओळी शोधणाऱ्या आज्ञेने ओळ निवडावी लागते. मला तो परवडतो.

टॅगची, म्हणजे खिडकी कोणकोणत्या गटांत दिसते ती नावे ठेवणारी, फाइल मात्र सीटीएलमध्ये घुसडू नका. डब्ल्यूएमआयआयनेही प्रत्येक खिडकीच्या फोल्डरात ती वेगळी ठेवली आहे, कारण एकच खिडकी अनेक टॅगांखाली असू शकते आणि स्क्रिप्टना ती यादी वरचेवर वाचावी लागते.

प्रश्न : विंडो मॅनेजरमधल्या घटना कळवणारी इव्हेंटची फाइल वाचायला घेतली की माझी स्क्रिप्ट तिथेच अडकते. हीही सीटीएलमध्ये घालावी का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : घालू नये. नवी घटना घडेपर्यंत वाचन थांबून राहणे हेच त्या फाइलचे काम आहे, तर सीटीएल वाचताक्षणी आताची स्थिती सांगून संपली पाहिजे. डब्ल्यूएमआयआयमध्ये इव्हेंटच्या फाइलवर लिहिताही येते : नवी सुरू झालेली स्क्रिप्ट तिथे आपल्या आगमनाची एक ओळ लिहिते, आणि आधीपासून वाचत बसलेली जुनी प्रत ती ओळ पाहून आपणहून बंद होते.