राणीच्या बागेत पेन्सिल घेऊन

भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसून चित्रं काढण्याबद्दल गेल्या महिन्यात बरेच प्रश्न आले. त्यातले काही आज घेतो.

इंटरमीजिएटला ए ग्रेड होती. आता चाळिशीत पुन्हा पेन्सिल धरली तर सरळ रेघही येत नाही. बागेत सुरुवात कशापासून करू? (ठाणे)

हत्तीपासून करा. जिवंत नव्हे, दगडी. बागेला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. मूळचा घारापुरीचा, पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते याच्यामुळेच. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे या बागेत आले आणि १९१४ साली जोडले गेले.

नवशिक्याला याच्याइतका चांगला गुरू नाही. हलत नाही, आणि झिजलेला असल्यामुळे कोरीवकामाच्या बारकाव्यांत अडकवत नाही. आधी डोळे बारीक करून नुसता उजेड आणि सावली एवढेच दोन भाग पाहा. पोटाखालची सावली एका दमात भरून टाका, पाठीची कमान शेवटी. सोंड आणि डोळा काढायची घाई बहुतेकांना असते. मीही अनेक वर्षं तेच केलं आणि पानावर गणपती उतरत गेला. जोडाच्या रेघा दिसतील तिथे त्या अवश्य दाखवा. हत्ती नीटनेटका करायला जाल तर तो कुठल्याही देवळाबाहेरचा होईल.

सरळ रेघेची काळजी सोडा. या बागेत ती लागतेच कुठे?

प्राणी एका जागी थांबत नाहीत. फोटो काढून घरी चित्र केलं तर चालेल का? (डोंबिवली)

चालेल, पण मग बागेत येण्याचे कष्ट कशाला? एकाच पानावर पाच-सहा चित्रं एकदम सुरू करा. माकडाने मान वळवली की पहिलं सोडून दुसरं घ्या. थोड्या वेळाने ते हमखास जुन्या पोझमध्ये परत येतं, तेव्हा पहिलं पुढे न्या. हे जमेपर्यंत पाणघोड्याला धरा, तो दुपारी बहुधा पाण्यात नुसता पडलेला असतो. पेंग्विनपुढे काच आणि गर्दी, तिथे बसू नका.

मुलगी दहा वर्षांची आहे. संग्रहालयात तिला रंग वापरू देतील का? आत काढण्यासारखं काय आहे? (लालबाग)

संग्रहालयात पेन्सिल आणि वही एवढंच न्यावं. पाण्याचा डबा, शाई, चारकोल यांना कुठल्याही संग्रहालयात पहारेकऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात आणि त्यांचं बरोबरच असतं. बसण्याआधी त्यांना विचारा.

काढण्यासारखं म्हणाल तर वास्तूच. १८७२ साली 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' नावाने हे संग्रहालय उघडलं. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. हे संग्रहालय उभं करण्यासाठी झटलेले भाऊ दाजी पेशाने डॉक्टर, विद्वत्ता संस्कृतची आणि जन्म गोव्यातल्या मांद्र्याचा. आतले खांब, कठडे, छताची नक्षी पाहून मोठी माणसं भांबावतात. मुलीला तिकडे नेऊ नका. तिला मातीच्या छोट्या प्रतिकृतींपुढे बसवा. जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे व्यवसाय आणि विशेषतः पगड्या. एकेक पगडी म्हणजे घड्यांचं एक कोडं. अर्ध्या तासात चार पगड्या काढून झाल्या तर दिवस सार्थकी लागला. पाचवी काढायचा आग्रह करू नका, बाहेर आइस्क्रीम द्या.

झाडं काढायची आहेत. कोणत्या महिन्यात यावं? (पुणे)

ही बाग १८६२ साली उघडली ती वनस्पतींचं उद्यान म्हणून. अजूनही मला इथे प्राण्यांपेक्षा झाडंच थोर वाटतात. उर्वशीचे लोंबते लाल-पिवळे घोस पाहायचे तर थंडी संपत आली की या. रेखाटनाला मात्र गोरखचिंच घ्या, तीही पानं गळालेली असताना. फुगीर बुंधा आणि वर तोकड्या फांद्या, जणू कुणी झाड उपटून उलटं रोवलंय. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात. त्याला 'बी' पेन्सिल पुरत नाही, तिच्याहून मऊ आणि काळी 'फोर-बी' आणा. पावसाळ्यात कागद पापडासारखा वाकतो, तेव्हा जाड कागद आणि बोर्डाला चारही बाजूंनी क्लिपा.

याच दिवशी काळा घोडा भागातल्या आर्ट गॅलऱ्याही उरकता येतील का? (नाशिक)

'उरकता' या शब्दालाच माझी हरकत आहे. लोकलने सीएसएमटी गाठली की पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९५२ सालची जहांगीर आर्ट गॅलरी आणि समोरच्या कावसजी जहांगीर सभागृहातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय अशी तीन ठिकाणं हाकेच्या अंतरावर आहेत. पण एका दिवसात चार ठिकाणी फिरून वहीत फक्त तिकिटं चिकटवली जातात. सकाळ बागेत काढा, दुपारी एकच संग्रहालय पाहा.

आणि ज्याच्यावरून त्या भागाला नाव पडलं तो मूळ काळा घोडा तिथे नाहीच. तो १९६५ साली तिथून हलला आणि राणीच्या बागेत आला. पाठीवर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे नंतरचा सातवा एडवर्ड. काळा घोडा चौकात आज दिसतो तो बिनस्वाराचा घोडा २०१७ सालचा. दोन्ही घोडे एकाच वहीत शेजारी काढून पाहा. स्वार असताना घोड्याची मान कशी वेगळी वाचली जाते, ते मी सांगण्यापेक्षा तुमच्या हाताला कळेल.

लोक मागे येऊन उभे राहतात आणि 'माझं काढा ना' म्हणतात. काय करू? (भायखळा)

काढा. दोन मिनिटं, पान फाडून द्या. पुढचा तासभर तोच माणूस गर्दीला मागे सरकवतो.

हो, आणि बुधवारी येऊ नका. बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.